तिसरा खिळा
बँकेच्या दारावरच्या फळीवर डॉलरचा भाव लावायचं काम शिपाईकाकांकडे होतं. पत्र्याचे आकडे, दोन खिळे आणि एक काठी, बस. एकोणीस वर्षांपूर्वी त्यांनी पहिला भाव लावला तो अकराचा. तेव्हापासून आकडा चढला की खालून शिव्या यायच्या, जणू देशाचा पैसा काकाच पाडत होते!

डॉलर चढला की सगळं शहर कपाळाला हात लावायचं. काका तेवढे मनातून खूश व्हायचे आणि मग लाज वाटून मान खाली घालून जेवायचे. बघायला तरी कोण होतं? काकूंना जाऊन सहा वर्षं झाली होती.

कारण होतं मुलगा. परदेशात गोदामात कामाला. एकदा फोनवर म्हणाला होता, "बाबा, डॉलर शंभर झाला ना, की माझ्या साठवणीत तिकडे आपल्या शहरात दुकान होतं. मग येतोच बघा." तो बोलून गेला, काकांनी ते गाठीशी बांधून ठेवलं.

भाव सत्त्याण्णव झाला तसा त्यांना दम निघेना. तिसऱ्या आकड्याला खिळाच नव्हता. रविवारी शिडी लावून त्यांनी तो ठोकला.

सोमवारी पेपरवाल्याने पाहिलं आणि बोंब ठोकली, "बँकेनेच खिळा मारलाय, आतली बातमी दिसते!" दुपारपर्यंत डॉलर घ्यायला कोपऱ्यापर्यंत रांग.

मॅनेजर लालबुंद. "शंभरी होऊ देणार नाही म्हणून मंत्री घसा कोरडा करतायत, आणि तुम्ही इकडे खिळे ठोकताय?"

"साहेब, एकच ठोकला."

खिळा उपटला गेला. गुरुवारी मॅनेजरनेच हातोडी आणून दिली. काकांनी तीन आकडे लावले आणि घरी येऊन मुलाला फोन केला.

"अरे वा! बघतो बाबा, महिनाअखेरीला तिकिटाचं."

काकांनी त्याची खोली झाडली, उशीला नवा अभ्रा घातला.

दहा दिवसांनी सरकारने चलनातली दोन शून्यं उडवली. जुने शंभर म्हणजे नवा एक. पैसा बळकट झाला, मंत्री म्हणाले. काकांनी फळीवर नुसता एक लावला.

संध्याकाळी त्यांनी विचारलं, "तिकीट काढलंस?"

"आता सगळं तळ्यात-मळ्यात, बाबा. यंदा राहू दे." मग मुलगा हसला. "पुन्हा पहिल्यापासून की हो! होऊ देत शंभर, येतो."

शून्यं गेली तशी दुकानाची किंमतही तेवढीच उतरली होती. हे काकांना कळत होतं. मुलालाही कळत असणार.

"हो, हो, घाई नाही," काकाही हसले.

फोन ठेवल्यावर ते त्याच्या खोलीत जाऊन बसले आणि हिशेब करू लागले. अकराचे शंभर व्हायला एकोणीस वर्षं लागली होती. आता सुरुवात एकापासून होती, आणि काका पुढच्या महिन्यात रिटायर होणार होते.