साळकुंड्याच्या विहिरीचा दगड

वासू गावडा यास राग लवकर येत असे आणि आलेला राग तो कोणापासूनही लपवीत नसे. परंतु सन १९९३ च्या उन्हाळ्यातील त्याचा राग रास्त होता, असे त्याच्या वाडीतील माणसे आजही सांगतात.

त्याचे साळकुंडे गाव कर्नाटकातील काळी नदीवरील धरणाच्या पाण्याखाली गेले होते. पुष्कळ लोक रामनगरच्या बाजूस निघून गेले. बारा कुणबी घरे मात्र दूर न जाता वर गावाच्याच टेकडीवर सरकली. त्या बारा घरांना आता तालुक्याच्या कचेरीची नोटीस आली होती. तुमची येथे पूर्वापार वस्ती असल्याचा पुरावा नाही, तुम्ही अतिक्रमण केले आहे, तरी पावसाळ्यापूर्वी जागा सोडावी.

"पुरावा हाय, पाण्याखाली हाय," असे वासूने कचेरीत सांगितले. तेथील कारकून हसला. ते हसणे वासूच्या मनातून गेले नाही.

पुरावा खरोखरच होता. वासूच्या आजाने खानापूरचा गवंडी आणून गावाची विहीर बांधली होती आणि गवंड्याने काठाच्या दगडावर 'साळकुंडे, शके १८२९' अशी अक्षरे कोरली होती. मे महिन्यात पाणी उतरले तरी त्या दगडावर तीन पुरुष खोल पाणी राहत असे. वासू श्वास रोखून बुडी मारी आणि ती अक्षरे बोटांनी चाचपून येई. पण बोटांना लागलेली अक्षरे कचेरीत दाखविता येत नाहीत.

त्याच महिन्यात गोव्याहून दातांचे एक डॉक्टर आले. पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्यात उतरावे आणि बुडालेल्या झाडांचे फोटो काढावे, असा त्यांना छंद होता. पाण्यात चालणारा कॅमेरा त्यांच्यापाशी होता. त्यांनी वासूची होडी मागितली. वासूने भाडे घेतले नाही, एकच अट घातली. विहिरीच्या दगडाचा फोटो काढून द्यावा. डॉक्टरांनी ती मान्य केली. गढूळ पाण्यात दगड दाखविण्यास वासूच हवा होता, म्हणून त्यांनी दोन दिवस काठाजवळ त्यालाही टाकी लावून शिकविले.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सकाळभर झाडांचे फोटो काढले. मग दोघे विहिरीवर उतरले. वासूने दगड शोधला आणि तळहाताने गाळ पुसला. अक्षरे उघडी पडली. आनंदाच्या भरात त्याने डॉक्टरांकडे वळून अंगठा उंच केला.

डॉक्टरांनी ताबडतोब त्याचा दंड धरला आणि त्याला घेऊन ते वर निघाले. खाली गाळ उसळला व दगड दिसेनासा झाला.

"काय झालं? श्वास कोंडला का?" होडीत चढताच डॉक्टरांनी विचारले.

"माझा? मला कशाला वर आणलासा?"

"तुम्हीच अंगठा दाखवला. पाण्यात अंगठा वर म्हणजे वर चला."

"आमच्यात अंगठा म्हंजे झकास. ह्ये सांगाया नको?"

"विसरलो. चूक माझी," डॉक्टर म्हणाले. "पण आता टाकीत हवा थोडी आहे, आणि फिल्मवर दोनच फोटो उरलेत. पुढच्या वर्षी बघू, वासूभाऊ."

"बाकीचं फोटू कशाचं काढलासा?"

"झाडांचे. माशांचे."

"माशास्नी नोटीस आली व्हती काय?"

वासूने आपला अंगठा डॉक्टरांपुढे धरला. "ह्यो कागदावर उठवून घेतला, आन् गाव खाली गेलं. आज पाण्यात दावला, तर मलाच वर काढलं. समदे आपापल्या सोयीनं वाचत्यात."

एवढे बोलून त्याने दोन्ही वल्ही होडीत आडवी टाकली आणि त्यांवर तो बसला.

"हे काय?"

"होडी माझी हाय. फोटो निघाल्याबिगर काठाला लागायची न्हाई."

"धमकी देताय?"

"व्हय."

डॉक्टरांनी दूरच्या काठाकडे पाहिले आणि गाळ बसेपर्यंत दोघेही होडीतच थांबले. मग डॉक्टर उतरले. वासूने टाकी न लावताच बुडी मारली, डॉक्टरांचा हात धरून दगडावर ठेवला आणि तो वर आला. हिरव्या पाण्यात दोनदा उजेड झालेला त्याने होडीतून पाहिला.

पंधरा दिवसांनी टपालाने फोटो आले. एकात नुसता गाळ होता. दुसऱ्यात अक्षरे स्वच्छ होती, परंतु त्यांच्या खालच्या बाजूस एक मोठा मासा आला होता.

"ह्यो मेला मधीच कडमडला," वासूची बायको केशर म्हणाली. "ह्येचंबी घर तिथंच असंल."

वासूने फोटो कचेरीत दिला व पोच मागितली. कारकुनाने कन्नडात पोच लिहून दिली. वासूला कन्नड बोलता येई, वाचता येत नसे. बाहेरच्या चहावाल्या चंद्राने ती वाचून दाखविली. 'पाण्यातील माशाचे चित्र, एक.'

वासू तसाच आत गेला आणि त्याने पोच टेबलावर आपटली.

"मासा दिसला, मासा लिहिला," कारकून म्हणाला. "ओरडतोस कशाला?"

वासूने फोटो त्याच्यासमोर सरकविला आणि आपला हात माशावर ठेवून तो झाकला.

"आता उरलं त्ये लिवा."

कारकुनाने आजूबाजूस पाहिले. कोणीही त्याच्या मदतीस आले नाही. त्याने नवा कागद घेतला आणि विहिरीचा दगड, गावाचे नाव, शके, असे सर्व लिहिले. वासूने ते त्याच्याकडून दोनदा मोठ्याने वाचून घेतले. मग तो साहेबांच्या दारात उभा राहिला आणि चौकशी होईपर्यंत बारा घरे हलवू नयेत, असा शेरा त्यावर पडेपर्यंत तेथून हलला नाही.

"झालं ना मनासारखं?" कारकुनाने विचारले. "गेला राग?"

"चौकशी हू दे," वासू म्हणाला. "मग बगू."