थंडोपंतांचा सगळ्यात लहान फ्रिज

चाळीस वर्षं लोकांचे फ्रिज दुरुस्त करून थंडोपंत निवृत्त झाले, पण त्यांचे हात काही निवृत्त व्हायला तयार नव्हते. खरं नाव विचारलं तर शेजाऱ्यांनाही क्षणभर आठवावं लागे. सगळ्यांचे ते थंडोपंतच.

त्यांची बायको शाळेत इतिहास शिकवायची, म्हणून ती सगळ्यांची 'बाई'. आता ती एका जुन्या, अंध विद्यार्थिनीसाठी धडे वाचून घरच्या कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करत होती. सोमवारी पोरीची परीक्षा, आणि शनिवार उजाडला तरी शेवटचा धडा बाकी. नेमका तेव्हाच कॉम्प्युटर रुसला. दहा मिनिटं झाली की प्रोसेसर तापायचा, पंखा ऊर फुटेस्तोवर घरघरायचा आणि पडदा काळा. तीनदा वाचलं, तीनदा गेलं.

"नवा घ्या ना, बाबा," मुलगा फोनवर म्हणाला.

"अरे, गार करणं हा माझा धंदा होता!" म्हणत थंडोपंतांनी फोन ठेवलाही.

माळ्यावर गाडीत ठेवायचा एक मोडका कूलबॉक्स होता. त्यातून त्यांनी बिस्किटाएवढी पांढरी चौकोनी प्लेट काढली. हिला वीज दिली की एक बाजू गार पडते, दुसरी कढत होते. गार बाजू प्रोसेसरवर बसवली. कढत बाजूवर पाण्याची डबी चिकटवली, तिच्या नळ्या खिडकीबाहेर गाडीच्या जुन्या रेडिएटरला जोडल्या आणि माशांच्या टाकीतला पंप लावला. रेडिएटरचा पंखा घोंगावायचा तो बाहेर, घरात चिडीचूप.

कॉम्प्युटर सुरू न करताच त्यांनी प्लेटला पूर्ण वीज सोडली. फ्रिज तपासायची त्यांची जन्माची सवय हीच: बर्फ धरला की काम फत्ते. पाच मिनिटांत प्लेटच्या कडेला बर्फाची पांढरी साय धरली.

"अगं, ये लवकर! बर्फ धरला बघ!"

बाईंनी चष्मा सावरून वाकून पाहिलं. "अहो, बर्फ राहू द्या. पाणी ओघळतंय."

थंडोपंतांनी झेप घेऊन स्विच बंद केला. थेंब कॉम्प्युटरच्या बोर्डावर बोटभर पुढे आला होता. फ्रिजमधलं पाणी झेलायला मागे ताटली असते, इथे कोण झेलणार?

"फ्रिज समजलात का त्याला?" बाई हसू दाबत म्हणाल्या.

"चाळीस वर्षांची सवय गं."

"मग आज मोडा. बर्फ हवाय का मला? बंद पडू नये एवढंच हवंय."

थंडोपंतांचं तोंड एवढंसं झालं. पण म्हणणं बिनतोड होतं. त्यांनी बोर्ड पुसून रात्रभर कोरडा होऊ दिला. रविवारी सकाळी प्लेटभोवती फ्रिजच्या पाइपला गुंडाळायचा काळा फोम ठासून बसवला, म्हणजे दमट हवा आत शिरायला नको. वीज रेग्युलेटरवरून निम्मी केली. आयुष्यात पहिल्यांदाच ते एखादी वस्तू मुद्दाम कमी गार करत होते.

दुपारी बाईंनी माइक ओढला आणि शेवटचा धडा सुरू केला. थंडोपंत कोपऱ्यात स्टुलावर श्वास रोखून बसले, डोळे पडद्यावरच्या तापमानाच्या आकड्यावर. दहा मिनिटं. पंचेचाळीस अंश. वीस मिनिटं. शेहेचाळीस. शेवटचं पान उलटलं, आकडा शेहेचाळीसवरून हलला नाही, आणि त्यांच्या तोंडून खणखणीत निघालं, "शाब्बास!"

बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की वर्गातला मागचा बाक गप्प बसला असता. मग हसू फुटलं. पुन्हा वाचायला वेळ होता, पण त्यांनी धडा तसाच पाठवला.

संध्याकाळी पोरीचा फोन आला. "बाई, धडा एका दमात ऐकला! पण शेवटी तो कोण ओरडला हो? लढाई जिंकलेला राजा?"

"नाही गं," बाई म्हणाल्या, "आमच्याच घरचा आहे."

थंडोपंत रेडिएटर पुसायला खिडकीकडे वळले, पण कान फोनलाच लागले होते.