पत्र्यावरचा विणकर आणि आमचे हवालदार

सोलापूर, पोलीस लाईनीजवळचं कवायतीचं मैदान, ऐन उन्हाळा. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी खात्यात नवाकोरा शिपाई, गाव मंद्रूप, आणि त्या सकाळी आम्हाला कवायतीऐवजी खाली सतरंजीवर बसवलेलं...

समोर सरकारी दवाखान्यातल्या मनाच्या आजारांच्या डॉक्टरीणबाई. वेड लागलेल्या माणसाला पोलिसांनी कसं हाताळायचं, हे त्या शिकवणार होत्या. आता यात शिकायचं काय, असं आम्हा सगळ्यांच्याच चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. चौघांनी धरायचं, दोरीने बांधायचं आणि चौकीत आणायचं... वर्षानुवर्षं तेच चालत आलेलं.

बाई मात्र खमक्या. काठ्या खाली ठेवा, गर्दी हटवा, एकानेच बोलायचं, हळू बोलायचं, आधी नाव विचारायचं... असं सगळं सांगून झाल्यावर म्हणाल्या, "आता करून दाखवा." आणि रोगी म्हणून उभं केलं कुणाला, तर आमच्या गायकवाड हवालदारांना.

गायकवाड म्हणजे केम गावचा गडी. अंगाने आडदांड, आवाज असा की चौकीत खोकले तरी बाहेरचा टांगेवाला टांगा बाजूला घ्यायचा. आमच्यातले चौघे काठ्या ठेवून त्यांच्याकडे गेले आणि जन्माची सवय तोंडातून बाहेर पडली... "नाव? बापाचं नाव? धंदा? राहणार कुठं?" तेही चौघांनी एकदम, दरडावून.

मैदानभर हशा पिकला. बाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या. हवालदार मात्र मागे सरत सरत भिंतीला टेकले होते, आणि ते हसत नव्हते.

नंतर चहा पिताना मला म्हणाले, "खोटं न्हाय सांगत, मी लई भ्यालो की रं." मला वाटलं, थट्टा करतायत. पण बशीतला चहा तसाच निवत ठेवला होता त्यांनी.

पुढे काही आठवड्यांनी भर दुपारी चौकीत निरोप आला. पूर्व भागात एक विणकर आपल्याच मागाच्या पत्र्याच्या शेडवर चढून बसलाय, मागाचे लाकडी धोटे खाली फेकून मारतोय. हवालदार आणि मी निघालो.

गल्लीत ही गर्दी. पोरं "येडा, येडा" म्हणून ओरडतायत, कुणी खालून खडे मारतंय. पत्र्याच्या अगदी कडेला तो बसलेला, अंगात बनियन, डोळे तांबडे. जरा पाय घसरला असता तर खालच्या फरशीवर डोकं फुटलं असतं.

त्याची बायको आमच्याकडे धावत आली. तक्रार करायला नाही, हात जोडायला. "सायेब, मारू नका ओ. मागल्या टायमाला बांधून नेलते, हाताची सालटी निघालती. तवापासून खाकी दिसली की लई भितो."

हवालदारांनी आधी गर्दी हटवली, पोरांना पिटाळलं. मग टोपी, पट्टा, काठी माझ्याकडे दिली आणि शेडला लावलेल्या शिडीवर चढून मध्येच एका पायरीवर बसले, दोन्ही हात त्याला दिसतील असे.

वरून एक धोटा आला आणि त्यांच्या कानाजवळून गेला. हवालदार हलले नाहीत. आता बाईंनी शिकवलेलं काहीतरी बोलतील म्हणून मी कान टवकारले... तर साहेबांच्या तोंडून निघालं, "नाव?"

मी कपाळावर हात मारला. थोडं थांबून पुढचा प्रश्न, "बापाचं नाव?" पण काय सांगू, त्या माणसाचा इतका मऊ आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. झोपलेल्या लेकराशेजारी बसून बोलावं तसा.

मग उत्तर आलं, "नरसय्या." बापाचंही नाव सांगितलं त्याने, अगदी नीट. सकाळपासून सगळी गल्ली त्याला येडा म्हणत होती, नाव कुणी विचारलंच नव्हतं.

"धंदा?"

"माग चालवतो. चादरी."

"राहणार?"

तो जरा गोंधळला. मग बोटाने पत्र्याकडे दाखवत म्हणाला, "हितंच... खाली."

"मग खालीच चला की, नरसय्या. वर लई तापलंय."

लगेच नाही आला. बायकोने तांब्या दिला, हवालदारांनी तो वर केला. पाणी पिऊन तो पुन्हा तिथेच बसला, आणि हवालदारही पायरीवर उन्हात तसेच बसून राहिले, घामाने शर्ट चिंब... शेवटी तो स्वतःच्या पायांनी शिडी उतरला.

खाली आला, आम्हा दोघांकडे पाहिलं, आणि न सांगता दोन्ही मनगटं एकत्र करून पुढे धरली. मागच्या वेळेची सवय. त्याच्या बायकोने तोंड फिरवलं.

हवालदारांनी माझ्याकडून टोपी घेतली आणि त्या पुढे केलेल्या हातांत ठेवली. म्हणाले, "धरा जरा. मला पट्टा बांधू द्या."

नरसय्याने ती टोपी दोन्ही हातांनी जपून धरली. मग आम्ही चौघं चालत सरकारी दवाखान्यात गेलो... पुढे हवालदार, शेजारी तो, मागे त्याची बायको आणि मी. डॉक्टरीणबाईंनी त्याला दाखल करून घेतलं, आणि काही महिन्यांनी त्याच्या शेडमधून मागाचा खडखडाट पुन्हा ऐकू आला. पूर्ण बरा झाला असं म्हणणार नाही, अधूनमधून त्रास व्हायचा. पण मग त्याची बायको स्वतःच चौकीत यायची, हवालदारांना बोलवायला.

नोकरीत मी पुष्कळ माणसं धरून आणली. त्या दुपारी मात्र पहिल्यांदा कुणाला तरी सोबत नेलं, आणि खाकी घातल्याचं मनापासून बरं वाटलं. मैदानावर आमचे ते चेहरे सोसून शिकवत राहिलेल्या त्या डॉक्टरीणबाईंना मी हे कधी बोललो नाही... म्हणून आज इथे लिहितोय.