थाप पडली की सोडायचं

आपण एकही पदक जिंकलेलं नाही, हे ताई नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगून टाकायची.

"सात वर्षं ज्युदोच्या स्पर्धा खेळले. सातही वर्षं पहिल्या नाहीतर दुसऱ्या फेरीत घरी. पदकं बघायची असतील तर खाली सेक्रेटरींच्या खोलीत कपाट आहे."

मग ती त्या माणसाला मॅटवर बसवायची, आपला उजवा हात त्याच्या ताब्यात द्यायची आणि कोपर कसं ताणायचं ते दाखवायची. जरा ताण आला की मोकळ्या हाताने त्याच्या अंगावर दोनदा थाप मारायची.

"ही थाप. थाप पडली की सोडायचं. त्याच क्षणी. आणि इथे थापा मारायला कुणी लाजायचं नाही. सगळ्यांत जास्त मीच मारते."

लोक हसायचे. पण तीस जणांना शिकवणारी पंचेचाळिशीची बाई काल आलेल्या माणसासमोर सगळ्यांदेखत थाप मारते, हे पाहिलं की भल्याभल्यांचा ताठा उतरायचा.

दिवसा ती मोठ्या दवाखान्यातल्या प्लास्टरच्या खोलीत कामाला होती. कोमट पाण्याच्या बादलीत पट्टी बुडवायची, बुडबुडे थांबले की हलकी पिळायची, कापसावरून गुंडाळत जायची आणि तळव्याने घोटायची. बोटांनी नाही. बोटांचे खड्डे पडतात आणि तेच पुढे सहा आठवडे आत टोचत राहतात. हे काम वीस वर्षं केल्यामुळे तिचे तळवे दगडासारखे झाले होते, पण हातात धरलेल्या हाताला कुठे दुखतंय ते माणसाने सांगायच्या आधी त्यांना कळायचं. क्लबात तिला प्लास्टरताई म्हणत. "माझा पगार मोडलेल्या हाडांवरच चालतो," ती म्हणायची, "पण इथून गिऱ्हाईक न्यायची मला गरज नाही."

तिची सगळ्यांत तयार शिष्या म्हणजे भिंगरी. नऊ वर्षांची असताना बसड्रायव्हर बापाचं बोट धरून आली होती. एका जागी दोन मिनिटं उभी राहीना, म्हणून हे नाव पडलं. ताईच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिने शाळेचा अभ्यास केला, ताईच्या नवऱ्याकडून सायकल शिकली. ताईला मूलबाळ नव्हतं. त्यावरून कुणी काही जोडू पाहिलं तर ती तोडून टाकायची. "पोटची नाही, मॅटवरची आहे," एवढंच. आता भिंगरी एकवीस वर्षांची होती, आणि विभागीय स्पर्धेत ती काहीतरी आणणार याबद्दल क्लबात कुणालाच शंका नव्हती.

स्पर्धेला तीन आठवडे असताना ते घडलं.

टपाल कचेरीत खिडकीवर बसणारी एक बाई चार महिन्यांपूर्वी क्लबात आली होती. वय एक्केचाळीस, बसून बसून पाठ धरलेली. सगळे तिला टपालबाई म्हणायचे. त्या संध्याकाळी तिची जोडी भिंगरीबरोबर लागली. कसा कोण जाणे, टपालबाईचा पाय अगदी वेळेवर पडला आणि भिंगरी सरळ पाठीवर आपटली. सगळे हसले, कुणी टाळ्या वाजवल्या. भिंगरी उठली ती कानापर्यंत लाल होऊन. दहा मोजायच्या आत टपालबाई खाली होती आणि तिचा हात भिंगरीच्या दोन्ही मांड्यांत अडकला होता. थाप पडली. पुन्हा पडली. तिसऱ्यांदा पडली. हॉलच्या दुसऱ्या टोकाला असलेली ताई "सोड" म्हणेपर्यंत कोपरातून तो आवाज आला, जो एकदा ऐकला की कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

हाड वाचलं होतं, पण आतला बंध फाटला होता. ताईने स्वतः तिला दवाखान्यात नेलं आणि डॉक्टरांनी पाहिल्यावर स्वतःच्याच हातांनी पट्टी बांधली. टपालबाई रडली नाही. पट्टी घोटून होत आली तेव्हा तिने विचारलं, "ताई, मी थाप नीट मारली नव्हती का हो?"

या प्रश्नाने ताईची झोप उडाली.

दुसऱ्या दिवशी तिने भिंगरीला हॉलमध्ये समोर बसवलं.

"मला ऐकू आलं नाही," भिंगरी म्हणाली. "केवढा गोंगाट होता."

"थाप काय कानाने ऐकायची असते? तुझ्या मांडीवर पडली ती. तीनदा."

भिंगरी मॅटची शिवण उकरत राहिली.

"स्पर्धेला तू जायचं नाहीस. या वेळी नाही."

"एका चुकीसाठी?"

"चूक असती तर मी तुझ्या बाजूने भांडले असते. तुला राग आला आणि तू धरून ठेवलंस."

भिंगरी उठली आणि तडक जिना उतरून सेक्रेटरींच्या खोलीत गेली.

सेक्रेटरी माणूस वाईट नव्हता. हा हॉल मिळावा म्हणून त्याने चपला झिजवल्या होत्या, आणि गळतं छप्पर स्वतः वर चढून बुजवलं होतं. त्याने ताईला खाली बोलावून स्पर्धेचा फॉर्म तिच्यापुढे सरकवला. प्रशिक्षकाच्या सहीची जागा रिकामी होती.

"सही करा. शिक्षा नंतर द्या. महिनाभर मॅट पुसायला लावा तिला."

"मॅट रोज मीही पुसते. ती शिक्षा कधीपासून झाली?"

"बारा वर्षं घातलीत तुम्ही या मुलीवर."

"म्हणूनच."

सेक्रेटरीने पेन टोपणात घातलं, परत काढलं. "राग मानू नका, पण तुम्ही कधी जिंकलाच नाहीत. जिंकणं हातातून जातं तेव्हा काय वाटतं ते तुम्हाला नाही समजायचं."

ताईला ते लागलं. तिने एकदा कपाटातल्या पदकांकडे पाहिलं.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "सात वर्षं हरले. पण दरवेळी दोन्ही हात शाबूत घेऊन घरी गेले, कारण मी थाप मारली की समोरचीने सोडलं. तिला कुणीतरी सोडायला शिकवलं होतं. तो शिकवणारा कोण, हे मला आजही माहीत नाही. मला तसं व्हायचंय. सही मी करणार नाही."

"मग दुसरा कुणीतरी करील. आणि मग तुमची इथे गरज काय?"

ताईने हॉलची किल्ली काढून फॉर्मवर ठेवली. वर जाऊन आपला पट्टा घेतला, पाण्याची बाटली घेतली, आणि भिंतीवरची औषधाची पेटीही उतरवली. दारात सेक्रेटरी म्हणाला, "ती क्लबची आहे." ताई म्हणाली, "पेटी ठेवते. आतल्या पट्ट्या माझ्या आहेत," आणि पायरीवर बसून तिने एकेक पट्टी मोजून पिशवीत भरली.

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. तोही दिवसभर अडकलेल्या माणसांना सोडवूनच घरी यायचा. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे आता संध्याकाळी तू घरी. मला आपटशील."

"दोनच दिवस," ताई म्हणाली. "तिसऱ्या दिवशी जागा शोधते."

जागा टपालबाईने शोधली. तिच्या भावाचं फर्निचरचं दुकान बंद पडलं होतं आणि त्याचं तळघर रिकामं होतं. एका शाळेने टाकून दिलेल्या व्यायामाच्या गाद्या मिळाल्या. टपालबाईने एक हात गळ्यात आणि एक हात मशीनवर असं करत त्यांना ताडपत्रीची खोळ शिवली. पहिल्या संध्याकाळी सहा जण आले, त्यात तीही. "हात बंद आहे," ती म्हणाली, "पाय तर मोकळे आहेत."

तिकडे नव्या प्रशिक्षकाने सही केली. भिंगरी स्पर्धेला गेली आणि रौप्यपदक घेऊन आली. पेपरात फोटो आला. ताईने तो चष्मा लावून बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "खांदा चांगला आलाय तिचा." रडत होती की काय ते नवऱ्याने विचारलं नाही. ज्युदो संघटनेचं पत्रही आलं: मान्यता नसलेल्या जागी शिकवणाऱ्यांना स्पर्धेत प्रशिक्षकाचा पास मिळणार नाही. ताईने ते तळघराच्या दारावर लावलं, म्हणजे येणाऱ्याला आधीच कळावं.

दोनेक महिन्यांनी एका संध्याकाळी भिंगरी तळघराच्या पायऱ्या उतरून आली. टपालबाईसमोर उभी राहिली.

"माझं कोपर अजून पूर्ण वाकत नाही," टपालबाई म्हणाली. "केस विंचरताना रोज तुझी आठवण येते. आता उभी का आहेस, बूट काढ."

ताईने तिला मॅटवर घेतलं. दोघी धरत राहिल्या, सुटत राहिल्या. मग ताईला तिचा हात सापडला आणि तिने कोपर ताणलं. भिंगरीने दात आवळले. थाप मारली नाही. ताईने हात सोडून दिला.

भिंगरी उठून बसली. "मी थाप मारली नव्हती."

"माहीत आहे."

"मग सोडलंस का?"

"दुखत होतं तुला. कळलं मला."

भिंगरी कोपर चोळत बसली, मग बूट घालून निघून गेली. परत आली नाही. क्लब सोडायचं धाडस नव्हतं की इच्छाच नव्हती, ताईने कधी विचारलं नाही.

पुढच्या वर्षीच्या विभागीय स्पर्धेला टपालबाईने चाळिशीवरच्या बायकांच्या गटात नाव दिलं. ताईला पास नव्हता. मॅटच्या कडेची प्रशिक्षकाची खुर्ची रिकामी राहणार होती, म्हणून ती वरच्या प्रेक्षकांच्या गॅलरीत अगदी पुढे जाऊन बसली आणि खाली अंग मोकळं करणाऱ्या टपालबाईला तिथूनच सूचना द्यायला लागली. गळ्यात पास लटकवलेला एक अधिकारी दोनदा येऊन गप्प बसा म्हणाला. "प्रेक्षकाने ओरडायचं नाही असा नियम दाखवा," ती म्हणाली. त्याने पुस्तिका चाळली आणि निघून गेला.

टपालबाईच्या लढतीआधी भिंगरीची उपांत्य लढत होती. तिसऱ्या मिनिटाला तिला हात मिळाला. पकड पक्की होती. खालच्या मुलीने थाप मारली, अगदी हलकी, पंच होता त्याच्या उलट्या बाजूला. पंचाला दिसली नाही. वरून ताईला दिसली.

भिंगरीने सोडलं.

पंचाने लढत थांबवली नाही. खालची मुलगी क्षणभर गोंधळली, मग उलटली, भिंगरीला पाठीवर दाबून बसली आणि जिंकली. नवा प्रशिक्षक खुर्चीवरून उठून ओरडत होता. भिंगरी वाकून नमस्कार करून मॅटवरून उतरली, कुणाकडेही न बघता.

ताई उभी राहिली आणि टाळ्या वाजवायला लागली. एकटीच. शेजारचे वळून बघू लागले. सेक्रेटरी खालून जिना चढून वर आला, त्याला धाप लागली होती.

"हातात आलेली लढत होती," तो म्हणाला. "तुमच्यामुळे हरली ती."

"हो," ताई म्हणाली. "माझ्यामुळेच."

तिने टाळ्या थांबवल्या नाहीत. तेवढ्यात पलीकडच्या मॅटवर टपालबाईचा नंबर पुकारला गेला, आणि सेक्रेटरीला जरा बाजूला व्हायला सांगून ती कठड्याकडे सरकली, कारण त्याच्यामुळे तिला काही दिसत नव्हतं.