टॉवेलाखालचं इंग्रजी

"अवो सोडा! बाईमाणसाचा हात सोडा आदी!"

मामी, म्हणजे माझ्या सासूबाई, स्वयंपाकघरातून ओरडत आल्या त्या हातातल्या उलथन्यासकट. सासऱ्यांनी, म्हणजे मामांनी, मानसुद्धा वळवली नाही. त्यांच्या खांद्यावरचा टॉवेल त्यांच्या आणि पुण्याहून आलेल्या मॅडमच्या हातावर पसरलेला होता आणि टॉवेलाखाली जोरदार हालचाल सुरू होती.

"गप ए!" मामा म्हणाले. "सौदा चालू हाय."

नेकनूरमध्ये माझ्या अंगणात इंग्रजी संभाषणाचा पहिला जाहीर प्रयोग झाला, तो असा. (अंगण माझं नाही, मामांचं. मी घरजावई. पण इंग्रजीत मी त्याला 'माय' म्हणतो. त्या भाषेत कुणी सातबारा मागत नाही.)

मामा जनावरांचे व्यापारी. त्यांनी मला एकदाच शांतपणे बजावलं होतं, "जावईबापू, तुमचा विंग्रजीचा किलास चालला तर चालला. न्हाईतर माझ्यासंगं बाजारात चला, कासरा धरायला." आता मला म्हशीची भीती वाटते. किती, तर माझी वरात एका म्हशीनं अडवली होती तेव्हा मी घोड्यावरून तिला 'एक्सक्यूज मी' म्हणालो होतो. (ती हलली नाही. वरातच मागून वळवून नेली.)

त्यामुळे पुण्याच्या एका संस्थेनं कळवलं, की आमच्या मॅडम येऊन एक तास बघतील, आवडला तर बीडला हॉल देऊ आणि दरमहा पगार देऊ, तेव्हा मी देवाला नारळ फोडून आलो. विषयही त्यांनीच दिला होता: खरेदी आणि भाव. मी खूश! खरेदी कोण करत नाही?

विद्यार्थी सहा. मामी, माझी बायको रेखा, शेजारचा भानुदास, त्याच्या दोन भावजया, आणि बोलावलेलं नसताना मामा. "माझ्या अंगणात चाललंय आन् मलाच कळंना, आसं कसं?" म्हणून ते पहिल्या रांगेत.

'हाऊ मच इज धिस?' एका संध्याकाळीत सगळ्यांना पाठ झालं. दारातली शेळीसुद्धा त्याच चालीवर ओरडायला लागली. घोडं पेंड खायला लागलं ते उत्तरापाशी.

"भानुदास, सांग. फॉर्टी रुपीज."

भानुदासनं मामांकडं बघितलं. मामांनी माझ्याकडं, आणि तेही असं, की मी चारचौघांत धोतर सोडायला सांगितलंय.

"भाव तोंडानं बोलतेत का कुटं?"

मामांचा सगळा जन्म जनावरांच्या बाजारात गेला. तिथं भाव बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर टॉवेल टाकायचा आणि खाली एकमेकांची बोटं दाबायची. एक बोट म्हणजे एक, पंजा म्हणजे पाच. हजार की दहा हजार, ते जनावराकडं बघून समजायचं. भोवती पन्नास माणसं दाटीनं उभी असतात, एकालाही पत्ता लागत नाही. पटलं की हाताला हिसडा द्यायचा, जनावराच्या पाठीवर गुलाल टाकायचा, संपलं. मामांनी उभ्या आयुष्यात एकही किंमत उच्चारलेली नाही. मंगळसूत्र कितीला पडलं ते मामींना अजून माहीत नाही.

"मामा, पण हे टोमॅटो आहेत!"

"मग? बाजूचा टमाटेवाला भैरा हाय का?"

इथून माझा ऱ्हास सुरू झाला. आठवड्याभरात अख्खा वर्ग टॉवेल घेऊन यायला लागला. भानुदासच्या भावजया पदराखाली भाव करायच्या. 'हाऊ मच इज धिस?' असा झकास प्रश्न यायचा, मग टॉवेल पडायचा, मग मसणवटीसारखी शांतता. मी समोर खडू घेऊन उभा. माझं इंग्रजी टॉवेलाखाली जायचं आणि परत वर यायचं नाही!

शेवटी मी मामांच्या पाया पडलो. "मॅडम येतील त्या दिवशी नुसतं बसून राहा. बोलू नका. टॉवेल घरात ठेवा."

"बसतो," मामा म्हणाले. "टावेलाचं मातर सांगू नगा."

मॅडम आल्या. हसतमुख बाई. मी टेबलावर टोमॅटो, वांगी, साबण मांडून प्रत्येकापुढं किमतीची पुठ्ठ्याची पाटी ठेवली होती. मामींनी 'फॉर्टी रुपीज!' अशी आरोळी ठोकली, की लिंबावरचे कावळे लिंबागणेश गावाच्या दिशेनं गेले. मॅडमनी टाळ्या वाजवल्या आणि मामी खुशीत त्यांच्यासाठी पोहे परतायला आत गेल्या. रेखानं तर साबण विकून वर 'थँक यू, कम अगेन' म्हटलं. मला बीडचा हॉल दिसला. त्यात फिरणारा पंखा दिसला. पंख्याखाली मी दिसलो.

आणि मॅडम मामांना म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही काय विकणार?"

मी डोळे मिटले.

"टमाटे आपुन इकत न्हाई," मामा उठले आणि त्यांनी लिंबाखाली बांधलेल्या म्हशीकडं बोट केलं.

"अरे वा!" मॅडम म्हणाल्या. पुढं होऊन, अगदी पुस्तकातल्यासारखं, त्यांनी विचारलं, "हाऊ मच इज धिस?"

टॉवेल उडाला.

मामांनी रीतसर एक पंजा आणि दोन बोटं दाबली, म्हणजे सात. मॅडम दचकल्या, मामी ओरडल्या, आणि हात सोडवायच्या गडबडीत मॅडमनी मामांचा पंजा धरून एकदा ढकलला, पुन्हा धरून पुन्हा ढकलला. दोन पंजे, म्हणजे दहा! मागितल्यापेक्षा जास्त देणारं गिऱ्हाईक मामांना जन्मात भेटलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले. वर मॅडमनी शेवटी जीव खाऊन हिसडा दिला.

"झाला!" मामा गरजले. "भानुदास, गुलाल!"

इतके दिवस मी सांगितलेलं एकही वाक्य न ऐकणारा भानुदास हे मात्र तत्काळ ऐकून मोकळा झाला. अर्धा गुलाल म्हशीवर, अर्धा मॅडमवर. म्हैस बिथरली, दावं तोडून टेबलावरून गेली आणि जाता जाता 'फॉर्टी रुपीज'ची पाटी खाऊन गेली.

मॅडम गाडीत बसल्या. मी काचेला चिकटून विचारलं, "मॅडम, क्लासचं काय?"

"सर, आपण फोनवर बोलू." (तो फोन अजून यायचाय.)

धूळ खाली बसली तेव्हा मामा म्हशीला धरून अंगणात उभे होते.

"गिऱ्हाईक पळालं," ते म्हणाले.

"मामा, ते गिऱ्हाईक नव्हतं! क्लास होता तो, क्लास!"

"हिसडा दिला. गुलाल पडला. इकल्यालं जनावर मी म्हागारी घेत न्हाई. बाजारात तोंड कसं दाखवू?" मग डोळे बारीक करून, "गिऱ्हाईक आणलं कुणी?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. रेखानं सगळ्यांत आधी.

"मी."

"म्हंजे दलाल तुमी. गिऱ्हाईक पळालं की जनावर दलालाच्या गळ्यात. बाजाराचा कायदा हाय."

"मामी, तुम्ही तरी सांगा ना!"

"कायदा तर हाय बाई," मामी म्हणाल्या आणि उलथनं घेऊन आत गेल्या.

पुढच्या बाजारी मी इस्त्रीचा शर्ट घालून, कासऱ्याचं अगदी शेवटचं टोक धरून उभा. मामा दूर एका खाटेवर बसून बघत होते. इतक्यात माजलगावकडचा एक शेतकरी आला. त्यानं म्हशीचे दात बघितले, कास बघितली, मान डोलावली. त्याला आवडली! मला वाटलं, सुटलो! त्यानं टॉवेल पसरला. टॉवेलाखाली त्याची खरबरीत बोटं, आणि मागं मानेवर जवळ सरकलेल्या म्हशीचा गरम श्वास. कुठलं बोट म्हणजे किती, काही म्हणजे काही आठवेना. मग एवढ्या दिवसांची शिकवायची सवय उफाळून आली. मी ताठ उभा राहिलो आणि म्हशीची किंमत वर्गात सांगतो तशी खणखणीत आवाजात सांगितली. आधी इंग्रजीत. मग सगळ्यांना समजावी म्हणून मराठीत.

बाजारातली मुंडकी माझ्याकडं वळली. म्हशी रवंथ करायच्या थांबल्या. त्या माणसानं टॉवेल काढून घेतला आणि मयताहून परतावं तसा मान खाली घालून निघून गेला. आता किंमत अख्ख्या बाजाराला पाठ. बोंबलून सांगितलेल्या भावाला टॉवेल कोण टाकतो? दिवस मावळेपर्यंत माझ्या म्हशीकडं माशीसुद्धा फिरकली नाही.

"मामा," मी रडकुंडीला येऊन विचारलं, "आता?"

मामा खाटेवरून उठले. टॉवेल झटकून त्यांनी खांद्यावर टाकला.

"आता धार काढायला शिका."