सुनंदाताईंनी लावलेला ट्रेस

सुनंदाताई गेल्याचं मला हातकणंगल्याच्या बाजारात कळलं. हातातली पिशवी तिथंच टेकवली... रडू आलं नाही, ते चार दिवसांनी दवाखान्यातल्या शोकसभेत आलं, तेही रागानं. आताचे नवे साहेब म्हणाले, ‘‘अत्यंत आज्ञाधारक कर्मचारी.’’ आज्ञाधारक? म्हणून तर हे लिहायला बसले.

आमच्या दवाखान्यात केसपेपर नुकते कॉम्प्युटरवर आले होते, तेव्हाची गोष्ट. खिडकीशी मी आणि आणखी दोघी. रोज दहा वाजले की मशीन अडकायचं, रांग जिन्यापर्यंत जायची. नातेवाईक ओरडायचे, ‘‘अवो बाई, पेशंट कळवळतंय की हितं!’’ तेव्हाच्या साहेबांनी ठरवून टाकलं, बायकांचे हात चालत नाहीत, तिघींना काढायचं. कॉम्प्युटर विभागात सुनंदाताई एकट्याच. बौद्ध वस्तीतल्या गवंड्याची लेक. वाकून बोलणं ठाऊकच नव्हतं. म्हणाल्या, ‘‘रडू नगासा. कोण हळू हाय, त्ये आधी बघू.’’

दुसऱ्या दिवशी सकाळभर त्यांनी सर्व्हरवर ट्रेस लावला. कुठल्या मशीननं काय विचारलं, उत्तराला किती वेळ लागला, याची सगळी नोंद. दुपारी साठवलेली फाइल उघडली, तर ओळींचा नुसता पूर... वाचून काही कळेना. मग ती अख्खी फाइल त्यांनी सर्व्हरवरच्या एका टेबलात, रकान्यारकान्यांत भरायला घेतली. सर्व्हरवरची जागा संपून अर्ध्यात अडली. जुन्या फाइली काढून पुन्हा भरली. सर्वांत जास्त वेळ खाणारं वर येईल असं लावलं, तर वर एकच क्वेरी, म्हणजे सर्व्हरला विचारलेला एकच प्रश्न, शेकडो वेळा. आमच्या खिडकीवरची नव्हेच. साहेबांच्या केबिनमधली! दहाला ते येऊन बसले की आजवरचे सगळे पेशंट मोजणारा एक तक्ता त्यांच्या पडद्यावर दर मिनिटाला नव्यानं भरत होता.

मी घाबरत विचारलं, ‘‘साहेबांना सांगणार?’’

‘‘मग? लपवायला भरलं व्हय?’’

बैठकीत त्यांनी कागद पुढं ठेवला. साहेब लाल झाले. ‘‘माझ्यावर पाळत ठेवता?’’

‘‘तुमच्यावर न्हाय, सर्व्हरवर ठेवलती. तुमचं नाव त्यानं सांगितलं.’’

तक्ता बंद झाला, रांग सरकली, आम्ही तिघी राहिलो. ताईंची मात्र महिन्याभरात मलकापूरच्या शाखेत बदली झाली. ‘‘अर्ज करा की,’’ मी म्हटलं. ‘‘कशाला? तिथं बी सर्व्हर हाय,’’ म्हणाल्या, आणि एसटीनं गेल्या. निवृत्तीपर्यंत तिथंच होत्या, आणि तिथंही कुणाचं ऐकून घेतलं नाही.

परवा मशीन पुन्हा अडकलं. नवे साहेब खिडकीशी येऊन म्हणाले, ‘‘बाई, हात चालवा जरा.’’ मी खुर्चीतून उठले नाही. म्हटलं, ‘‘ट्रेस लावूया की साहेब. टेबलात भरून बघू.’’

आणि रांगेतल्या पुढच्या पावण्यांना नाव विचारलं.