खाणीवरचा पहिला घाव

माझं काम माती भाजायचं. सिमेंटमध्ये मिसळायची पांढरी माती भट्टीत किती तापवली म्हणजे कामाची होते, हे मी बघतो. माय गावात सांगते, "पोरगा एवढा शिकला अन् कुंभार झाला."

परसवाड्याजवळच्या आमच्या शेताच्या टोकाला अशीच मातीची खाण आहे. गावात त्या मातीला छुई म्हणतात. दिवाळीआधी बाया भिंती पोतारायला ती नेतात. पण दरवर्षी पहिला घाव मायच्या हातचा, त्याआधी कोणी कुदळ लावत नाही. आणि एकदा तिनं खाण उघडली, की माती न्यायला कोणालाच नाही म्हणायचं नाही. सासूकडून तिच्याकडे आलेली ही रीत.

यंदा दादानं तिथली माती माझ्याकडे पाठवली. मी भाजून पाहिली, चांगली निघाली. लगेच दादानं खाण कंपनीला द्यायचं ठरवलं. सगळी माती गेली तर गावानं भिंतींना काय फासायचं, हा मायचा सवाल. दादाचं उत्तर तयार होतं, "आता सारेच डिस्टेंपर मारतात." खणायचं मशीन चालवणारा मात्र गावातलाच. मायचा घाव पडल्याशिवाय तो खणायला तयार होईना. हे कळल्यावर मायनं कुदळ उचललीच नाही.

दिवाळी तोंडावर आली, तसा मी सुट्टीवर घरी आलो. बाया बांधावर बसायच्या, गप्पा मारायच्या आणि रिकाम्या टोपल्या घेऊन घरी जायच्या. मायला कोणी बोल लावला नाही. मला तिचा अभिमान वाटत होता, आणि दादाला इतक्या उत्साहानं "माती चांगली आहे" असं कळवणाऱ्या स्वतःचा राग येत होता.

एका सकाळी शेजारची सून दारात आली. "काकी, पोरीले पाहाले पाहुणे येऊन राह्यले. भिंती तशाच हाय."

मायनं हातातलं काम खाली ठेवलं. मग कुदळ घेऊन निघाली. मी मागोमाग गेलो.

"माय, तू घाव घातला तं मशीनही येईन."

"हौ, मालूम हाय मले. पण तिच्या पोरीचं माह्यापायी काहून अडावं?"

तिनं घाव घातला. बायांनी टोपल्या भरून नेल्या. शेवटी मायनं कुदळ दादापुढे धरली.

"घे. आता तुलेही नाही म्हणता येत नाही मले."

दादानं ती घेतली. दुपारी मशीन आलं, आणि मी बांधावर बसून रडलो.